कृष्णाकाठचा ल्युपस आणि रक्तातील सूक्ष्म साक्षीदार

माण किंवा जतसारख्या दुष्काळी तालुक्यातील एखाद्या पंचविशीतल्या सुनेच्या दोन्ही गालांवर नाकाच्या दांडीवरून पसरत गेलेला तांबूस चट्टा उमटतो, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायका त्यास वांग म्हणतात. भांगलणीच्या उन्हात तो भडकतो, तेव्हा उन्हास दोष लागतो. पुढे बोटांचे सांधे धरतात ते वाताच्या नावावर आणि केस गळतात ते बाळंतपणाच्या अशक्तपणाच्या खाती जमा होतात. आणि अखेरीस पायांवर सूज चढून ती मिरजेच्या किंवा कराडच्या रुग्णालयात पोहोचते, तेव्हा या साऱ्या तक्रारी एकाच व्याधीच्या होत्या व त्या व्याधीने मूत्रपिंडावर केव्हाच अंमल बसविला होता, असे निष्पन्न होते.

ही व्याधी म्हणजे ल्युपस. हीत शरीराची रक्षणव्यवस्था आपल्याच पेशींच्या केंद्रकांतील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, आणि दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले, लाखामागे सुमारे ३.२ रुग्ण आढळले होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सातारा व सांगली या जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ५८ लाखांवर जाते. त्रैराशिकाने पावणेदोनशेहून थोडे अधिक रुग्ण निघतात. संख्या लहान, परंतु त्यातील बहुतेक जणी ऐन संसाराच्या वयातल्या.

निदानासाठी आज मुख्यतः एएनए ही रक्ततपासणी केली जाते. ती ल्युपसच्या बहुतेक सर्व रुग्णांत होकारार्थी येते खरी, पण निरोगी माणसांतही पुष्कळदा येते, आणि रोग शांत आहे की उसळतो आहे, याविषयी ती काहीच सांगत नाही. डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि सी-३, सी-४ ही पूरक प्रथिने रोगाबरोबर वरखाली होतात. परंतु सर्वच रुग्णांत नव्हे. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, तर खात्रीचा पुरावा मिळतो; मात्र दर दोन-तीन महिन्यांनी सुई खुपसणे कोणासही शक्य नाही. म्हणून मूत्रपिंड बिघडण्यापूर्वीच सूचना देईल असा रक्तातील साक्षीदार वैद्यकास हवा आहे.

अशा साक्षीदारांपैकी एक म्हणून मायक्रोआरएनए पुढे आले. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर केलेल्या कामातून १९९३ साली यांचा शोध लागला आणि २०२४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २२ अक्षरांची ही आरएनएची तुटपुंजी साखळी स्वतः कोणतेही प्रथिन बनवीत नाही. जनुकाकडून प्रथिन बनविण्याचा संदेश निघाला की त्यास ती चिकटते, आणि हुजूर दफ्तरातून सुटलेला हुकूम तालुक्यास पोहोचून त्याची तामिली होण्यापूर्वीच तहकूब व्हावा, तसा तो संदेश निष्फळ होतो. उघडा आरएनए रक्तात क्षणभरही टिकत नाही. परंतु प्रथिनांच्या किंवा सूक्ष्म पुटिकांच्या आश्रयाने हे रेणू रक्तद्रवात शाबूत राहतात, हे २००८ च्या सुमारास दिसून आले, आणि त्यांचे मोजमाप करण्याची वाट मोकळी झाली.

ल्युपसपुरते बोलायचे तर '१४६-ए' या क्रमांकाच्या रेणूची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. इंटरफेरॉन या द्रव्याचा अतिरेक हा ल्युपसचा एक मुख्य दोष. त्या अतिरेकास लगाम घालणाऱ्यांपैकी हा रेणू आहे, आणि रुग्णांच्या रक्तपेशींत तो कमी पडतो, असे शांघायच्या संशोधकांनी २००९ साली दाखविले. म्हणजे हा नुसता धूर नव्हे, आगीच्या कारणाशीच त्याचा संबंध आहे. तथापि '१५५' क्रमांकाच्या रेणूचे प्रमाण काही अभ्यासांत वाढलेले तर काहींत घटलेले आढळले. सबब एकट्यादुकट्या रेणूच्या भरवशावर निकाल देता येत नाही, अनेकांचा एकत्रित कौल घ्यावा लागतो.

मोजण्याची पद्धत आपल्याकडे अपरिचित नाही. करोनाच्या साथीत घरोघरी ज्याचे नाव झाले, ते आरटी-पीसीआर तंत्रच येथेही कामी येते. अडचण आहे ती नमुन्याची. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील '४५१' आणि '१६' हे रेणू रक्तद्रवात मिसळून सारा हिशेब बिघडवितात. म्हणून माणमधल्या दहिवडीस काढलेले रक्त उन्हाळ्यात तसेच हेलकावत कराडपर्यंत नेण्याऐवजी तेथल्या तेथे फिरवून रक्तद्रव वेगळा करणे आणि थंड ठेवणे अगत्याचे आहे.

कराडच्या कृष्णा विद्यापीठातील संशोधकांनी या भागातील ग्रामीण लोकांच्या जनुकांचा कर्करोगाच्या संदर्भात अभ्यास केलेला आहे. तशाच चिकाटीने येथील ल्युपसच्या रुग्णांचे रक्त व लघवी काही वर्षे नियमाने तपासली जावी, असे मला मनापासून वाटते. मूत्रातील प्रथिनाची साधी चाचणी तोवर दर भेटीस व्हावी, हे वेगळे सांगावयास नको. परदेशात ठरलेली या रेणूंची मापे येथे जशीच्या तशी लागू होतील, असे मानता येत नाही. कारण जंतुसंसर्गानेही हेच रेणू हलतात, आणि आपल्याकडे क्षय अद्याप ठाण मांडून आहे. स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णेस ताप भरला, तर तो ल्युपसचा उद्रेक समजून औषध वाढवावे, की क्षयाचा संशय धरून ते आवरते घ्यावे, हा पेच येथील डॉक्टरांपुढे नेहमी पडतो, आणि या रेणूंची खरी परीक्षा त्या पेचातच व्हावयाची आहे.