हुंकार म्हणजे होकार नव्हे

25 जानेवारी 1990 च्या रात्री कोलंबियातल्या आव्हियांका कंपनीचं बोइंग 707 विमान न्यूयॉर्कच्या आकाशात घिरट्या घालत होतं. खराब हवेमुळे त्याला एकूण 77 मिनिटं थांबवून ठेवलं होतं. कप्तान स्पॅनिशमध्ये बोलत होता आणि नियंत्रकांशी इंग्रजीतून बोलायचं काम सहवैमानिकाकडे होतं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कप्तानाने त्याला बजावलं, आपण आणीबाणीत आहोत असं त्यांना सांग. सहवैमानिकाने नियंत्रकाची सूचना मान्य केली आणि तिलाच जोडून सांगितलं की इंधन संपत चाललंय. ‘आणीबाणी’ हा शब्द मात्र त्याने उच्चारला नाही. पुढे नियंत्रकाने विचारलं, पंधरा मैल ईशान्येला नेऊन परत वळवतो, तुमच्या इंधनात जमेल ना? उत्तर गेलं : जमेल असं वाटतं, आभारी आहोत. त्यानंतर काही मिनिटांतच इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 73 जण गेले.

इथे एकही शब्द कुणाला न कळण्यासारखा नव्हता. अमेरिकी चौकशीने इंधनाचं नियोजन चुकल्याचा आणि आणीबाणी न कळवल्याचा दोष वैमानिकांना दिला, पण कमी इंधनाची स्थिती सांगायला सर्वांना एकाच अर्थाने कळतील असे ठरलेले शब्द नव्हते, हेही नोंदवलं. मला हा दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. ‘जमेल असं वाटतं’ या उत्तरातला संकोच आपल्याला लगेच कळतो, कारण ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ असं म्हणत आपण रोज नकार देतो, आणि समोरचा मराठी माणूस तो बिनचूक ओळखतो. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने 1976 मध्ये हाच फरक मांडला होता. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग शब्दांबाहेर, नात्यात आणि प्रसंगात असतो, तर काहींत तो शब्दांतच शोधला जातो. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो. त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढे सांगा’ एवढाच. जपानी माणसाचा ‘हाइ’ही पुष्कळदा तेवढंच सांगतो. पुण्यातला अभियंता जर्मन ग्राहकाच्या प्रत्येक वाक्याला ‘येस, येस’ म्हणतो तेव्हा तो हुंकार देत असतो, आणि पलीकडे मात्र होकार नोंदला जाण्याचा धोका असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की इंग्रजी पक्कं करा, म्हणजे प्रश्न मिटेल. वैमानिकांसाठी इंग्रजीची किमान पातळी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम पुढे आलेच, आणि ते हवेतच. पण 27 मार्च 1977 ला तेनेरिफे बेटावर दोन जंबो विमानं धुक्यात धावपट्टीवर आदळून 583 माणसं मेली, ती कुणाला इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही. डच वैमानिकाने कळवलं, ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’. त्याला ‘निघालोय’ म्हणायचं असावं. स्पॅनिश नियंत्रकाने त्याचा अर्थ ‘निघायच्या जागी उभे आहोत’ असा घेतला आणि म्हटलं, ‘ओके’. नंतर त्याने थांबायला सांगितलं, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून कुणी बोलल्यामुळे ते शब्द कर्कश आवाजात बुडाले. स्पष्ट पोचला तो फक्त ‘ओके’. दुसरा आक्षेप स्वभावाचा : कोलंबियन भिडस्त, डच रोखठोक, तेव्हा त्या त्या देशाचे स्वभाव शिकून घ्या. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत अशा याद्या मिळतात. त्यांचा थोडा उपयोगही होतो, नाही असं नाही. पण तेनेरिफेच्या त्या कॉकपिटमधले तिघेही डच होते. धावपट्टीवर अजून ते दुसरं विमान आहे का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने विचारली होती. अनुभवी कप्तानाने ठामपणे ती उडवून लावली आणि विषय तिथेच संपला. रोखठोक समाजातही हुद्दा आडवा येतोच.

म्हणूनच विमानसेवेने जो मार्ग धरला तो स्वभावांच्या यादीपेक्षा खात्रीचा आहे. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरता (आणि ती रद्द करण्यापुरता) राखून ठेवला गेला. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ चालत नाही, ती आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावी लागते, आणि ती बरोबर म्हटली का, हे ऐकण्याची जबाबदारी सूचना देणाऱ्याची असते.

कार्यालयात असं परत म्हणायला लावणं म्हणजे माणसाला शाळकरी पोर समजणं, असं कुणी म्हणेल. अपमान होतो तो ‘कळलं ना?’ या प्रश्नाने. त्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःचं अज्ञान कबूल करणं, म्हणून उत्तर ‘हो’च येतं. ‘तुम्ही आधी काय हाती घ्याल?’ असं वरिष्ठाने विचारलं, तर भिडस्त माणसालाही अडचण सांगायला जागा मिळते. यात दोन मिनिटं जास्त जातात. पण ‘शुक्रवारपर्यंत देतो’ म्हणजे पुण्याची संध्याकाळ की शिकागोची, आणि ‘देतो’ म्हणजे तपासून की तपासणीसाठी, हे त्याच दोन मिनिटांत ठरतं.