पाण्यात पोहणारा रणगाडा

केर्लीजवळ पुराचं पाणी चढलं, की आमचा पन्हाळ्याचा रस्ता बंद होतो. पीटी-७६ला मात्र असं पाणी अडवू शकत नाही! सुमारे १४ टनांचा हा सोव्हिएत रणगाडा. पोकळ, पाणबंद सांगाड्यामुळे तरंगतो. तळातून पाणी ओढून मागच्या दोन झोतांनी ताशी १० किलोमीटर पळतो. एका झोताचं झाकण मिटलं की त्या बाजूला वळतो. वजन कमी ठेवायचं म्हणून चिलखत मात्र पातळ, माझ्या मते हीच त्याची मोठी उणीव. तरीही नोव्हेंबर १९७१मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला भारतीय सैन्याच्या ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटने याच रणगाड्यांनी पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांचा धुव्वा उडवला.

भारतीय सैन्याचं आजचं तरंगतं वाहन म्हणजे बीएमपी-२. ते पाण्यातही पट्ट्यांवरच चालतं. ते वापरणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आपल्या अहिल्यानगरलाच आहे.