पिकअप उंच करायची? आधी बसलेले पाटे बघा, मग पद्धत निवडा

जळगाव/धुळे : पावसाळा लागला की रावेर, यावल, चोपडा तालुक्यांत केळीच्या बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा टप्पाच सगळ्यात अवघड होऊन बसतो. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मध्ये मातीचा उंचवटा राहतो आणि भरलेल्या पिकअपचं पोट त्यावर घासतं. साक्री-पिंपळनेरकडे कांदा बाहेर काढताना, शिरपूरच्या बोराडी भागात किंवा रावेरच्या पाल परिसरात सातपुड्याच्या दगडी वाटेवरही हीच तऱ्हा. मग गॅरेजवर एकच मागणी होते, "गाडी दोन-तीन इंच उचलून द्या."

गाडी उंच करण्याच्या पाच-सहा पद्धती आहेत. प्रत्येकीचा फायदा वेगळा, धोका वेगळा. चुकीची पद्धत निवडली तर पैसे जातातच, शिवाय घाटात ब्रेक आणि तोल दोन्ही दगा देऊ शकतात. त्यामुळे पाना लावण्याआधी थोडं समजून घेतलेलं बरं.

आधी कारण शोधा

गाडी खाली घासते याची कारणं साधारण तीन असतात.

पहिलं, पाटे बसलेले असतात. वर्षानुवर्षं जादा माल वाहून पाट्याची कमान सपाट होते. अशा गाडीला लिफ्टची नाही, दुरुस्तीची गरज असते. मालवाहू पिकअपच्या बाबतीत सगळ्यात आधी हीच शंका घ्यावी.

दुसरं, गाडी कंपनीच्या उंचीवरच आहे, पण रस्ता खरोखर तेवढा खराब आहे. इथे उंची वाढवण्याचा विचार करता येतो.

तिसरं, मालकाला जास्त माल भरायचा आहे आणि मागची बाजू बसायला नको आहे. यावर लिफ्ट हा इलाज नाही. पाटा वाढवला म्हणून अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांची ताकद वाढत नाही. आरसी बुकावरचं एकूण वजनही तेवढंच राहतं.

तपासणी घरीच होते. सपाट सिमेंटच्या जागेवर रिकामी गाडी उभी करावी, टायरमधली हवा बरोबर असावी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजावं. डाव्या-उजव्या बाजूत फरक असेल, किंवा त्याच मॉडेलच्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा अंतर कमी भरत असेल, तर पाटे बसलेत. मग गाडीखाली वाकून पाट्याला तडा आहे का, सेंटर बोल्ट शाबूत आहे का, बुश खाल्लेत का, हेही बघून घ्यावं.

नेमकं काय घासतं?

ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पिकअपला मागे अखंड अ‍ॅक्सल असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लटकतो. चाकोरीतल्या उंचवट्यावर बहुतेक वेळा हाच अडकतो.

पाटे, ठोकळे, शॅकल यांपैकी काहीही बदललं तरी वर जाते ती चासी आणि बॉडी. गोळा चाकांच्या आसाबरोबरच राहतो, एक सूतभरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या व्यासाच्या टायरने वर जातो, तोही निम्म्यानेच. टायरचा व्यास २ इंचांनी वाढला तर गोळा १ इंच वर येतो.

म्हणून घासल्याच्या खुणा कुठे आहेत ते आधी बघावं. गोळ्यावर असतील तर पाटे उचलून उपयोग नाही. डिझेल टाकी, सायलेन्सर, चासीचा आडवा पट्टा किंवा मागचा बंपर घासत असेल तरच सस्पेन्शन उचलण्याचा फायदा दिसेल. आणि गाडी नुसती चिखलात चाक फिरवत असेल तर प्रश्न उंचीचा नसून पकडीचा आहे. तिथे नक्षी शाबूत असलेले टायर कामाला येतात, लिफ्ट नाही.

पद्धती आणि त्यांचे गुण-दोष

१. पाटे मूळ कमानीला आणणे किंवा नवीन संच. बसलेल्या गाडीसाठी हा पहिला पर्याय. कंपनीच्या मापाचा नवीन संच टाकला तर उंची परत मिळते आणि गाडीत कोणताही बदल झाला असं धरलं जात नाही. जुन्या पाट्याला नुसती ठोकून कमान दिली तर तो लवकर पुन्हा बसतो. तापवून कमान दिली तर पोलादाला पुन्हा नीट पाणी द्यावं लागतं. ते काम जाणकार कारागीरच करू शकतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीच मारू नये. त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा शेजारीच पुन्हा तुटतो.

२. जादा पाटा टाकणे. खान्देशात कुठेही होणारं काम. उंची थोडी वाढते, माल भरल्यावर मागची बाजू कमी बसते. पण रिकामी गाडी दगडासारखी कडक होते, खड्ड्यात उडते, मागचं चाक जमीन सोडतं. रिकामी फेरी जास्त असेल तर हा पर्याय त्रासाचा.

३. ठोकळा आणि लांब यू-बोल्ट. अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून यू-बोल्टने आवळतात. स्वस्त आणि झटपट. एक-दीड इंचापर्यंत, फक्त मागे, चांगल्या घडणीचा एकच ठोकळा असेल तर काम चालतं. ठोकळ्यावर ठोकळा चढवणं धोक्याचं. पुढच्या अ‍ॅक्सलला तर ठोकळा लावूच नये, कारण जोरात ब्रेक मारल्यावर सगळा ताण तिथे येतो आणि ठोकळा सरकला तर स्टिअरिंग हातातून जातं. यू-बोल्ट नवीनच घ्यावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत.

४. लांब शॅकल. पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा म्हणजे शॅकल. तो २ इंच लांब केला तर गाडी साधारण १ इंच उचलते. मात्र शॅकल जितका लांब, तितकी गाडी आडवी डोलते. जुन्या कमांडर किंवा मेजरसारख्या जीपला पुढेही पाटेच असतात. तिथे शॅकल बदलला की पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागते.

५. टॉर्शन बार किंवा कॉइल. काही गाड्यांना पुढे पाटे नसतात. २०१० साली आलेल्या जुन्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे आहेत. २०२० च्या नव्या थारला चारही चाकांना कॉइल आहे. टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की पुढची बाजू उचलते आणि खर्च जवळपास काहीच येत नाही. पण जास्त आवळलं तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही, गाडी आदळते आणि जॉइंट लवकर जातात. कॉइलखाली चकती घातली तरी हाच त्रास. यातलं काहीही केलं तर लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्यावं, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातात.

६. बॉडी लिफ्ट. चासी आणि बॉडीच्या मध्ये गट्टू घालून फक्त बॉडी उचलतात. चासी होती तिथेच राहते, म्हणजे खाली घासणारा एकही भाग वर जात नाही. मालवाहू गाडीला याचा उपयोग नाही.

उंची वाढली की आणखी काय बदलतं?

तोल सगळ्यात आधी बदलतो. केळीचे घड रचले की माल आधीच उंच जातो. त्यात गाडी तीन इंच वर गेली की कन्नड घाटासारख्या वळणात पलटी होण्याचा धोका वाढतो. मागे मजूर बसलेले असतील तर त्यांचा जीवही टांगणीला. मुळात मालवाहू गाडीत मागे माणसं बसवूच नयेत.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका ब्रेक व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते. माल भरून मागची बाजू खाली बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. मग भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी लागतात. त्यामुळे लिफ्टनंतर ही दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेणं गरजेचं.

याशिवाय ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातो, शॉकअप अपुरे पडतात. मागून गाडी उचलली तर हेडलाइट खाली पडतो, पुढून उचलली तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मोठे टायर टाकले तर काट्यावर ६० दिसत असताना गाडीचा वेग प्रत्यक्षात त्याहून जास्त असतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं माप, अ‍ॅक्सलवरचं वजन आणि गाडीची उंची हे तपशील असतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ओव्हरलोडसाठी याच दुरुस्तीत २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. बदल लपवला तर फिटनेसला गाडी अडते आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही वाद उभा राहतो. मूळ मापाचे पाटे बसवणं ही मात्र साधी दुरुस्ती आहे. त्यापुढे काही करायचं असेल तर आधी जळगाव किंवा धुळ्याच्या आरटीओ कार्यालयात विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

कोणासाठी काय योग्य?

• केळी, कांदा, कापूस वाहणारी पिकअप : कंपनीच्या मापाचा नवीन पाटे संच, नवे बुश, नवे शॉकअप. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

• गोळा घासतो अशी गाडी : चाकोरीत न उतरता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर ठेवून चालवणं, माल दोन फेऱ्यांत काढणं, जमलं तर चाकोरीत मुरूम टाकणं.

• सातपुड्यात शेत किंवा वस्ती असलेली फोर बाय फोर जीप : जाणकाराकडून एक-दीड इंचापर्यंत पूर्ण संच, म्हणजे पाटे किंवा कॉइल, शॉकअप आणि ब्रेक पाइप एकत्र, तोही आरटीओत विचारूनच.

• जास्त माल भरायचा आहे : त्या वजनाची मोठी गाडी. दुसरा मार्ग नाही.

गॅरेजवर हे चार प्रश्न विचारा

१. माझ्या गाडीचे पाटे बसलेत का, मोजून दाखवा.
२. उचलल्यावर ब्रेक व्हॉल्व्हची दांडी जुळवून देणार का?
३. यू-बोल्ट नवीन टाकणार की जुनेच वापरणार?
४. अलाइनमेंट आणि हेडलाइटचं सेटिंग कोण करून देणार?

या चारपैकी एकाही प्रश्नाचं धड उत्तर मिळालं नाही, तर गाडी तिथे न उचललेलीच बरी. काम झाल्यावर आधी रिकामी आणि मग थोडा माल भरून, मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक मारून बघावेत. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ब्रेक कमी लागत असेल, तर घाटात नेण्याआधी ती परत गॅरेजवर न्यावी.