प्लमच्या छाटणीचा मुहूर्त

नाशिक-सांगलीकडील मराठी माणसाला छाटणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांवरच द्राक्ष बागायतदाराचे वर्ष उभे असते. असेच एखादे कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक होते आणि घरामागील छोट्या बागेत आधीच्या मालकाने लावलेले प्लमचे, म्हणजेच आलुबुखाराचे, जुने झाड त्याच्या वाट्याला येते. ऑगस्टअखेर ते फळांनी वाकते. शेजारीपाजारी वाटूनही फळे उरतात आणि मुरांब्याच्या बरण्या भरतात. पुढे पानगळ होते, जानेवारीत झाडाचा सांगाडा उघडा पडतो आणि वेड्यावाकड्या फांद्या पाहून घरातील कर्ता माणूस करवत हाती घेतो. शेजारच्या सफरचंदाची छाटणी याच दिवसांत झालेली त्याने पाहिलेली असते. हेतू चांगला असतो; वेळ मात्र घातक ठरते.

सफरचंद आणि नासपती यांची छाटणी हिवाळ्यात करतात, प्लमची मात्र उन्हाळ्यात. या फरकामागे ‘सिल्व्हर लीफ’ नावाचा बुरशीजन्य रोग आहे. या बुरशीचे बीजाणू शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच्या ओलसर हवेत मोठ्या प्रमाणात पसरतात आणि लाकडाच्या ताज्या जखमेतून आत शिरतात. झाड त्या काळात निद्रिस्त असते. जखम भरून काढण्याची त्याची शक्ती मंदावलेली असते. बुरशी लाकडात वाढू लागली की तिच्या विषारी द्रव्यामुळे पानाची वरची त्वचा आतील पेशींपासून सुटते, मध्ये हवा भरते आणि पानावर रुपेरी झाक येते. दिसायला ती मोहक असते, पण त्यानंतर एकेक फांदी वाळत जाते. ब्रिटिश सरकारने या रोगाची इतकी दखल घेतली होती, की 1923 च्या आदेशाने प्लमचे वाळलेले लाकूड दरवर्षी 15 जुलैपूर्वी कापून जाळणे बागायतदारांना बंधनकारक करण्यात आले.

म्हणून वाढलेल्या झाडाची छाटणी जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत, किंवा फळे उतरताच लगेच करावी. दिवस कोरडा असावा. या काळात झाड पूर्ण जागे असते आणि हवेतील बीजाणूही कमी असतात. नव्याने लावलेल्या रोपाला आकार द्यायचा असल्यास ते काम वसंतात, कळ्या उमलू लागल्यावर करावे.

काय कापावे, याचा क्रम सोपा आहे. प्रथम वाळलेल्या, रोगट आणि मोडक्या फांद्या काढाव्यात. नंतर एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी एक काढावी. शेवटी झाडाच्या मध्यभागी गर्दी करणारे कोवळे फुटवे विरळ करावेत, म्हणजे ऊन आणि वारा आत खेळतो. फांदी जिथे मोठ्या फांदीला मिळते तिथे सालीची किंचित फुगीर कड असते. काप तिच्या लगत बाहेरून घ्यावा. कड कापली तर जखम भरत नाही आणि खुंटी ठेवली तर ती कुजते. बुंध्याशी, कलमाच्या खालच्या भागातून येणारे फुटवे कात्रीने न कापता मुळाशी ओढून काढावेत, अन्यथा ते पुन्हा जोमाने फुटतात.

येथे हात आखडता ठेवणेच हिताचे. प्लमची फळे मुख्यतः जुन्या लाकडावरील आखूड डहाळ्यांवर धरतात. एकाच वर्षी झाड बोडके केले तर ते फळांऐवजी उंच, सरळ पाणसोट फेकू लागते. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेले झाड दोन-तीन उन्हाळ्यांत, थोडे थोडे करूनच सावरावे.

फळांचे ओझे हाही छाटणीशी निगडित प्रश्न आहे. ‘व्हिक्टोरिया’ ही इंग्लंडमधील लोकप्रिय जात इतकी लगडते, की भाराने फांदी फाटते. आणि फाटलेली फांदी म्हणजे बुरशीला सताड उघडे दारच. यासाठी जूनमध्ये फळे लहान असतानाच दोन फळांत 5 ते 8 सेंटिमीटर अंतर राहील, अशी विरळणी करावी आणि लांब फांद्यांना टेकू द्यावा.

पाने रुपेरी दिसली तरी घाईने झाड तोडू नये. पाण्याच्या किंवा पोषणाच्या अभावीही तशी झाक येते. संशयित फांदी कापून पाहावी. आतील लाकडात तपकिरी डाग दिसला तर रोगाची शंका बळावते. मग डाग संपून निरोगी लाकूड लागल्यानंतरही सुमारे 15 सेंटिमीटर पुढे कापावे, अवजार पुसून घ्यावे आणि कापलेले लाकूड बागेत पडू न देता नष्ट करावे. डाग नसेल तर नियमित पाणी आणि खत मिळाल्यावर झाड बहुधा सावरते.

मग हिवाळ्यात काहीच करायचे नाही का? एक काम आहे, पाहण्याचे. पाने नसताना कोणती फांदी कोणावर घासते, कोठे गर्दी झाली आहे, हे स्पष्ट दिसते. काढायच्या फांदीला तेव्हाच रंगीत सुतळी बांधून ठेवावी. जुलैत पानांच्या दाटीतही ती सुतळी सापडते, आणि जानेवारीत ठरवलेले काम झाडाला सोसेल अशा वेळी पार पडते. तोवर करवत भिंतीवर टांगलेलीच बरी.