हरीचे चार हात आणि तीस उपगट

भास्कराचार्यांच्या लीलावतींत ‘अंकपाश’ नांवाचें एक प्रकरण आहे. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या त्या ग्रंथांत असा प्रश्न केला आहे कीं, पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादि दहा वस्तू शंभूच्या दहा हातांत आलटून पालटून दिल्यास मूर्तीचे भेद किती होतील. आणि गदा, चक्र, कमळ व शंख यांच्या अदलाबदलीनें हरीचे किती? उत्तरें अनुक्रमें ३६,२८,८०० व २४ अशीं येतात. संध्येंत केशव, नारायण, माधव अशीं जीं चोवीस नांवें आपण घेतों, त्यांच्या मूर्ती ह्याच भेदांवरून ओळखल्या जातात, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच.

ही झाली मोजणी. युरोपांत लाग्रांज आणि त्याच्यामागून गाल्वा (मृत्यु १८३२) यांनीं मूर्तीऐवजीं फेरबदलांकडेच लक्ष दिलें. एका फेरबदलामागून दुसरा केला तरी होणारा परिणाम त्या चोविसांपैकींच एक असतो; केलेला फेरबदल उलटवितांही येतो. कांहींच न करणें हाही त्यांत एक धरावयाचा. अशा स्वयंपूर्ण समुदायास ‘गट’ म्हणतात, व त्याच्या पोटांत तितकाच स्वयंपूर्ण असा लहान समुदाय सांपडला तर तो ‘उपगट’. चार हातांच्या गटांत असे ३० उपगट आहेत. एखाद्या दुपारीं कागद-पेन्सिल घेऊन ते हुडकतां येतील. दहा हातांचे मात्र २,९५,९४,४४६ आहेत, आणि तेथें संगणकावरील नोंदवही, जिला आज डेटाबेस म्हणतात, तिच्यावांचून गत्यंतर नाहीं.

ही वही मांडावी कशी? प्रत्येक उपगटांतील सारे फेरबदल लिहीत बसणें हा शुद्ध वेडेपणा होय. ज्यांच्यापासून बाकीचे उत्पन्न होतात तेवढेच मूळ फेरबदल लिहिले म्हणजे पुरे. दहा हातांचे ते छत्तीस लक्षांहून अधिक फेरबदल अवघ्या दोहोंपासून निघतात: दोन शेजारच्या हातांतील अदलाबदल, आणि दहांचें एक घर पुढें सरकणें. दुसरी काटकसर अशी कीं, हातांचे क्रमांक बदलून लिहिले असतां जे उपगट एकमेकांत मिळतात, त्यांचें एकच कुल मानून त्याला एकच ओळ द्यावी. मग दहा हातांना १,५९३ ओळी लागतात व चार हातांना केवळ ११. प्रत्येक ओळींत मूळ फेरबदल, उपगटाची संख्या, कुलांतील भावंडें आणि तो दुसऱ्या कोणत्या ओळींत सामावतो, एवढे रकाने असावेत. भावंडांचा रकाना वाटतो तितका गौण नाहीं. चार हातांच्या वहींत त्याची बेरीज ३० भरली नाहीं, तर कोठें तरी ओळ गळाली किंवा दुबार पडली असें खुशाल समजावें.

खरी गंमत प्रश्न विचारण्यांत आहे. ‘चार फेरबदलांचे उपगट किती?’ ह्यास सात, तीन आणि दोन अशीं तिन्ही उत्तरें बरोबर आहेत! चारही वस्तू चक्राकार फिरविण्याचे तीन उपगट आहेत. वरच्या दोन हातांत बदल, खालच्या दोहोंत बदल, दोन्ही बदल किंवा एकही नाहीं, ह्या जातीचेही तीनच. शिवाय दोन जोड्यांत एकदमच अदलाबदल करणारा एकुलता एक आहे. एकूण सात झाले, पण कुलें तीन. आणि शेवटच्या दोन कुलांची अंतर्रचना एकच असल्यामुळें रचना दोनच. एकत्र कुटुंबांत ‘काका कोठें गेले?’ असें विचारल्यास विचारणारा कोण हें आधीं पाहावें लागतें, तसेंच हें आहे. सारखेपणा कोणत्या अर्थानें धरला हें न सांगतां केलेली विचारणा चुकीचें नव्हे, तर भलत्याच प्रश्नाचें उत्तर आणते, आणि हें अधिक घातक.

आतां भावंडें नसलेले, म्हणजे क्रमांक कसेही बदलले तरी न हलणारे उपगट मागूं. १, ४, १२ आणि २४ संख्यांच्या चार ओळी येतात. पायऱ्या चार, तीन व दोन पटींच्या, आणि ती चौपट दोनदां दोन अशी फोडतां येते. म्हणूनच चतुर्घात समीकरण वर्गमुळांनीं व घनमुळांनीं सुटतें. पांच हातांच्या १५६ उपगटांस तोच प्रश्न केल्यास १, ६० व १२० एवढेच हातीं लागतात. साठांच्या गटास तोच प्रश्न स्वतंत्रपणें विचारला, तर १ आणि ६० यांवांचून कांहीं नाहीं. मुळें काढून पंचघात समीकरण सोडविण्याचें सर्वसामान्य सूत्र नाहीं, हें आबेलनें १८२४ मध्यें सिद्ध केलें; त्याचें कारण ह्या रित्या जागेंत आहे.

असलें रितें उत्तर मिळतांच आम्ही सावध होतों. उपगटाची संख्या गटाच्या संख्येस नेहमीं भागते. उलट बाजूनें तसें नाहीं. चार हातांतील बारांच्या उपगटांत सहांचा उपगट मागा. सहानें बारांस भाग जातो, तरी एकही ओळ येत नाहीं. तो खरोखरच नाहीं, कीं नोंदवावयाचा राहिला? वही पूर्ण असल्याची सिद्धता हातीं असेल तरच ‘नाहीं’ ह्या शब्दास किंमत. नॉयब्यूझर ह्या जर्मन गणितज्ञानें उपगटांची जाळी यंत्राकडून काढविण्याची रीत १९६० मध्यें प्रसिद्ध केली, व त्याच्याच मार्गदर्शनाखालीं १९८६ मध्यें आखेन येथें ‘गॅप’ ही संगणकप्रणाली सुरू झाली. ती आज विनामूल्य मिळते. चार हातांचा गट देऊन तिला उपगटांचीं कुलें विचारलीं, तर अकरा ओळी क्षणांत पुढें येतात; बारांमधला सहांचा तेथेंही सांपडत नाहीं.