विजेरीच्या प्रकाशाचा स्वर

सातारा-सांगलीकडे रात्रीच्या वीजपुरवठ्यावर पिकास पाणी देणारा शेतकरी विजेरी घेऊन मोटर पाहावयास जातो. विजेरीचा प्रकाश त्यास स्थिर भासतो. पण तो पुष्कळदां स्थिर नसतो. एल. ई. डी. विजेरीचा उजेड मंद करण्यासाठीं विद्युत्प्रवाह सेकंदांत शेंकडों वेळां चालू-बंद करण्याची युक्ति योजितात. ही उघडझाप डोळ्यास कळत नाहीं. परंतु तींत एक धोका आहे. मिनिटास २,८८० फेरे घेणारी मोटर सेकंदांत ४८ वेळां फिरते. विजेरी सेकंदांत १९२ वेळां लुकलुकली, तर मोटरीचा चार पात्यांचा पंखा थांबल्यासारखा दिसतो, आणि तेथें हात घालणें जिवावर बेततें.

ही गति घरींही मोजतां येते. अंगणांतील सौरदिव्याची लहान सौरपट्टी सुटी करावी. तिच्या दोन टोकांमध्यें एक हजार ओहमचा रोधक जोडावा व त्याच टोकांच्या तारा बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकास जोडाव्या. आवाज आरंभीं लहान ठेवावा. पट्टी प्रकाशाचा चढउतार विजेंत उतरविते व ध्वनिवर्धक तो ऐकवितो.

प्रथम पट्टी तारेच्या साध्या दिव्याखालीं धरावी. घरच्या विजेचीं सेकंदास सुमारें ५० आवर्तनें होतात व प्रत्येक आवर्तनांत दिव्याचा उजेड दोनदां चढतो. म्हणून १०० कंपनांचा गुणगुणाट ऐकूं येतो. सातारा जिल्ह्यांतील कोयना प्रकल्पाची वीज १९६२ सालीं वाहूं लागली, तिचीही लय हीच. उपकरण बरोबर असल्याची ही फुकटची कसोटी होय.

मग इतर दिवे मालवून विजेरी पट्टीवर धरावी. पूर्ण उजेडावर बहुधा शांतता असते. मंद उजेडावर स्वर उमटतो. तो पेटीवर जुळवून पाहावा : मधल्या सप्तकांतील पांढरी सहा म्हणजे सुमारें ४४० कंपनें, तिच्या खालची २२०. सतार-तंबोऱ्यांच्या मिरजेंत कारागीर तार जुळवितात तें काम हेंच. मात्र एका सप्तकाची चूक झाल्यास आंकडा दुप्पट वा निम्मा होतो. म्हणून कंपनसंख्या दाखविणारा मल्टिमीटर रोधकाच्या टोकांस लावून खात्री करावी.

स्वर न उमटल्यास प्रकाश स्थिर असेल, किंवा त्याची गति कानाच्या पलीकडची, म्हणजे सेकंदास वीस हजारांहून अधिक असेल. यंत्रापाशीं अशीच विजेरी बरी. तरीही डोळ्यावर विसंबूं नये. आधीं मोटरीचें बटण बंद करावें, मगच हात लावावा.