‘आधी माणूस’: एका संघटनेची हकीकत

सभा कशी चालवावी हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. अध्यक्ष, विषयपत्रिका, ठराव, अनुमोदन, मतदान आणि शेवटी आभारप्रदर्शन ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे निर्णय मुकाट्याने पाळले, त्यांच्या हाती हीच रीत आली तर काय घडते? ज्यांना आपण कालपरवापर्यंत ‘मतिमंद’ म्हणत होतो आणि आजचा कायदा ज्यांना बौद्धिक दिव्यांग म्हणतो, त्यांच्या ‘पीपल फर्स्ट’ या संघटनेचा इतिहास हे या प्रश्नाचे उत्तर आहे.

आरंभ स्वीडनमध्ये झाला. तेथील पालक-संघटनेत काम करणारे बेंग्ट निर्ये यांनी १९६० नंतरच्या दशकात असे मांडले की, इतरांचे दिवस जसे जातात तसेच या व्यक्तींचेही गेले पाहिजेत. तेथे तरुणांची मंडळे निघाली आणि त्यांना सभेचे कामकाज रीतसर शिकविण्यात आले. १९७० साली माल्मो येथे त्यांची परिषद भरली. प्रतिनिधींनी काय मागावे? फिरायला नेताना मोठ्या कळपाने नेऊ नका. कंटाळवाणी कामे आमच्याच माथी मारू नका. पालक-संघटनेत आमच्याविषयी चर्चा होते तेव्हा आम्हांलाही बसू द्या. यांत दयेची याचना कोठेच नाही, हे मला विशेष वाटते.

ही कल्पना उत्तर अमेरिकेत पोहोचली. १९७३ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अशीच एक परिषद झाली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सेलम गावी ‘फेअरव्ह्यू’ नावाची मोठी सरकारी संस्था होती. तेथून काही रहिवासी आणि कर्मचारी त्या परिषदेला गेले. तेथे तज्ज्ञच फार बोलतात, असे त्यांच्या ध्यानात आले. परतल्यावर त्यांनी ठरविले की, आपली परिषद आपणच भरवावी. ८ जानेवारी १९७४ रोजी सेलममध्ये पहिली बैठक झाली. नाव काय ठेवावे यावर चर्चा चालली असता, लोकांनी चिकटविलेल्या नावांचा आपल्याला वीट आला आहे, आपण आधी माणसे आहोत, असे कोणी म्हणाले. त्यातून ‘पीपल फर्स्ट’ हे नाव निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑटर क्रेस्ट येथे अधिवेशन भरले. अपेक्षा थोड्यांची होती. आले ५६० जण.

संघटनेची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. पदाधिकारी सभासदांतूनच निवडले जातात. मदतीला एक सल्लागार असतो. तो कागद वाचून दाखवील, हिशेब समजावील, बस कोठून पकडायची ते सांगेल. परंतु मत देणार नाही आणि सभासदांच्या वतीने बोलणार नाही. विषयपत्रिका सोप्या वाक्यांत, पुष्कळदा चित्रांसह असते. एखाद्याला बोलायला वेळ लागला तर सभा थांबते.

येथे कोणी विचारील, ज्याला मुळीच बोलता येत नाही त्याचे काय? आक्षेप रास्त आहे, आणि तो या चळवळीवर वारंवार घेतला गेला आहे. परंतु चित्रावर बोट ठेवणे, मान फिरविणे, ताट दूर सारणे हेही सांगणेच आहे. ते ओळखणारा माणूस जवळ हवा. बोलता येत नाही म्हणजे मतच नाही, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

मत विचारले न गेल्याने काय होते, याची साक्ष ऑरेगनच देते. १९१७ पासून १९८३ पर्यंत तेथे सक्तीच्या नसबंदीचा कायदा होता. सुमारे २,६०० जण त्याला बळी पडले. फेअरव्ह्यूतील अनेकांना तर बाहेर पडण्याची ती किंमतच द्यावी लागली. ही संस्था २००० साली बंद झाली आणि २००२ साली राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर क्षमा मागितली.

हे केवळ परदेशातच घडले असे समजू नये. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेतल्या मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेली, तेव्हा मोठा गदारोळ उठला. दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ होते; त्या मुलींनी स्वतः बोलावे असे व्यासपीठ मात्र नव्हते. याउलट कॅनडात १९८६ साली ‘ईव्ह’ या नावाने गाजलेल्या खटल्यात अशा व्यक्तींच्याच एका समितीने सर्वोच्च न्यायालयात आपली बाजू मांडली. उपचारासाठी आवश्यक नसलेली नसबंदी संमतीवाचून करता येणार नाही, असा निर्णय तेथे झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीविना करता येणार नाही, असे ठरविले.

आपल्याकडे हे कार्य प्रामुख्याने पालकांनी उभे केले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. आपल्या पश्चात मुलाचे काय, ही चिंता कोणाही आईबापाला जाळणारीच. परंतु पालकांची बाजू आणि मुलाची बाजू नेहमी एकच असेल असे नाही. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग-हक्क करार मान्य केला, आणि २०१६ च्या कायद्याने पालकत्व मर्यादित करून निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून घ्यावा असे म्हटले. कायद्यात हा शब्द आला. व्यवहारात यायचा आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेतून आपले विद्यार्थी विशेष शाळांना भेटी देतात, खाऊ वाटतात, गाणी म्हणतात. पुढच्या भेटीचा कार्यक्रम ठरविताना तेथल्या मोठ्या मुलामुलींनाच बैठकीस बोलवावे आणि त्यांना काय हवे ते विचारावे, अशी माझी सूचना आहे. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ विषयपत्रिकेत धरावा.